सतरा नंबरची चव

६ ऑक्टोबर

कापणी संपली. चौसष्ट वाण, प्रत्येकाची वेगळी पेंढी, प्रत्येक पेंढीला चिठ्ठी. शेवटची पेंढी बांबूवर टांगली तेव्हा कंबर सरळ व्हायला तयार नव्हती. भात संशोधन केंद्रातलं हे माझं छत्तिसावं वर्ष. निवृत्तीला अजून दीड वर्ष आहे आणि मी आत्ताच थकलोय.

चौसष्टांत एक नागुमोचा आहे, सतरा नंबर. नागुमो आमच्याकडची नवी संशोधक, तीन वर्षांपूर्वी आलेली. तिशीची आहे, करारावर आहे, करार मार्चअखेर संपतो. रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा कापून ती प्रयोगशाळेत नेते आणि दोन दिवसांनी सांगते की या रोपाच्या पोटात काय आहे, काय नाही. त्याला ती खुणा म्हणते. वाटेत अमुक देऊळ दिसलं की समजावं गाव आलं, तशा जनुकाशेजारच्या खुणा. लोंबी यायची वाट बघायला नको.

आमचं दुखणं जुनं आहे. डोंगरातला एक गावठी वाण आहे, त्याला करपा रोग शिवत नाही, पण भात तोंडात घालवत नाही. माझे गुरू कुसाकाबेसाहेब बावीस वर्षं त्याचा चांगल्या वाणाशी संकर करत राहिले. करप्याला दाद न देणारी पिल्लं निघायची, पण ती घाण चव पाहुण्याबरोबर त्याचा दारुडा भाऊ यावा तशी बरोबर यायचीच. नागुमो म्हणते, त्या दोन गोष्टी एकाच धाग्यावर शेजारी शेजारी आहेत आणि धागा बरोबर मधेच तुटायला हवा. तीन हजार चारशे रोपं तपासली तेव्हा एकात तो तसा तुटलेला सापडला; त्याच्याच बियाण्यातून पुढे सतरा नंबर आला. त्यातल्या निम्म्या रोपांची पानं मी कापली आहेत, बोटं अजून दुखतात.

धागा कुणी पाहिलाय? जिभेला पटेल तेव्हा खरं.

बायकोने, फुमिएने, परसातली पर्सिमनची फळं कापून दिली. यंदा नुसतं पाणी. तसं म्हटलं तर ती म्हणते, शेजारीण दुसरी टोपली मागून घेऊन गेली. उन्हाळ्याचा परिणाम असणार. यंदा ऊन फार होतं.

१९ ऑक्टोबर

दुपारी नूडल्स खाताना कामेयोची जीभ सुटली. ही बाई तीस वर्षं आमच्या चाखणीचा भात शिजवते आणि तीस वर्षं मला टोमणे मारते.

"होरिगोमेसान, त्या नूडल्सनी तुमचं काय वाकडं केलंय? सोयासॉसमध्ये बुडवून मारताय बिचाऱ्यांना."

"तुझ्या हाताला चव असती तर सॉसची गरज पडली नसती."

"हे मी केलेलं नाही, विकतचं आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

पुढच्या महिन्यात चाखणी. त्याआधी दर वर्षी चाखणाऱ्यांचीच परीक्षा होते. तीन वाट्या, दोनांत एकच भात, तिसऱ्यात वेगळा, तो ओळखायचा. मोरिवाकी केंद्रप्रमुख झाल्यापासून माझं नाव त्या यादीत नसतं. "होरिगोमेसानची परीक्षा घेणारे आपण कोण?" आजही तो सगळ्यांसमोर म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

५ नोव्हेंबर

पहिली चाखणी. साडेदहा वाजता सोळा जण, सकाळपासून कॉफी नाही, सिगारेट नाही. मोठ्या ताटलीच्या मधोमध आमचा नेहमीचा भात, भोवती आठ लहान ढीग. नंबर नाहीत, फक्त रंगीत ठिपके. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मधल्या भातापेक्षा चांगला तर अधिक, वाईट तर उणे.

मी सतरा नंबर बघताक्षणी ओळखला. दाणा जरा आखूड, डोकं गोल, चमक जास्त. तोंडात घातला आणि कुसाकाबेसाहेब समोर उभे राहिले. तीच ती मागे रेंगाळणारी चिखलट चव. उणे दोन दिले.

वाईट वाटलं. साहेबांचं काम या मुलीच्या हातून झालं असतं तर मला नको होतं असं नाही.

१२ नोव्हेंबर

दिवसभर पाऊस. मळणीयंत्राचा पट्टा तुटला. बाकी काही नाही.

२६ नोव्हेंबर

दुसरी चाखणी झाली. सतरा नंबरला पुन्हा उणे दोन.

संध्याकाळी नागुमो कागद घेऊन आली. बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "सकाळच्या ताटलीत हिरव्या ठिपक्याला तुम्ही उणे एक दिलंत."

"हो. कोरडा होता."

"हिरवा आणि मधला एकाच भांड्यातले होते. पडताळणीसाठी कधी कधी ठेवतो ना आपण तसं."

"मग कामेयोने भांडी बदलली असतील. वय झालं तिचं."

नागुमोने कागदाकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली. "तुम्ही दाणा बघून वाण ओळखता, असं सगळे सांगतात."

"शिजलेला, कच्चा, कसाही. सतरा नंबर तर मी दारातून ओळखतो."

"दारातून," ती म्हणाली. नमस्कार करून गेली. कौतुक करायला आली होती, पण तोंड असं की कुणी दगावलंय.

१५ डिसेंबर

पहिला मोठा बर्फ. सकाळी दोन तास छपरावरून ओढून काढला. पूर्वी तासात व्हायचा.

दुपारी फुमिए माझ्यावर ओरडली. ती अंगणात होती, चुलीवर कंद शिजत होते, ते जळून कोळसा झाले आणि मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो. "अहो, घर पेटलं असतं तरी पानंच उलटत बसला असतात ना तुम्ही?" माणूस वाचनात गढून जातो कधी कधी, त्यात एवढं काय. रात्री जेवताना डॉक्टरकडे जाऊन या म्हणाली. कशासाठी ते सांगेना.

२ जानेवारी

नवीन वर्ष. मुलगी, जावई येऊन गेले. तांदळाच्या चिकट मोची-वड्या घातलेलं सूप यंदा फुमिएला साधलं नाही. चाळीस वर्षं केलेला पदार्थ, हात गेला तिचा. मी काही बोललो नाही. जावयाने मात्र तीन वाट्या घेतल्या, भला माणूस आहे.

१० जानेवारी

तिसरी आणि शेवटची चाखणी. आता शेरा लिहायचा.

आमच्याकडे कुसाकाबेसाहेबांपासूनची पद्धत आहे. वर सोळा जणांचे आकडे आणि खाली मुख्य चाखणाऱ्याची एक ओळ. ती ओळ 'अयोग्य' असेल तर आकडे कितीही गोड असोत, वाण पुढे जात नाही. साहेब जाताना ही ओळ माझ्या हवाली करून गेले. एकतीस तारखेला समितीची बैठक आहे. यंदाही करप्याला दाद न देणारा एकही वाण शेतकऱ्यांच्या खाचरात गेला नाही तर हे काम बंद करायचं, असं वरून सांगितलंय. म्हणजे नागुमोचा करारही गेला.

सगळं माहीत असून मी 'अयोग्य' लिहिलं. दया येते म्हणून वाण पुढे गेला तर खाणाऱ्याने काय पाप केलंय?

नागुमो थेट माझ्या टेबलाशी आली. या वेळी हवापाणी नाही.

"होरिगोमेसान, बाकी पंधरा जणांना तो आवडलाय."

"त्यांना चमक आवडली."

"तुम्हाला काय नाही आवडलं?"

"मागची चव. चिखलाची. तुझ्या यंत्राला नाही कळायची ती."

तिचे कान लाल झाले. "तुम्ही तो डोळ्यांनी ओळखता, हे तुम्हीच म्हणालात. न बघता ओळखाल?"

खोलीतली माणसं टाईप करायची थांबली. मला इतका राग आला की उभा राहिलो. माझी मुलगी हिच्याहून मोठी आहे. "डोळे बांधून ओळखीन. मंगळवारी. कामेयोला भात लावायला सांग."

१४ जानेवारी

सगळं लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

चाखणीच्या खोलीत आम्ही तिघंच, मी, नागुमो आणि कामेयो. कामेयोने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, घट्ट. "डोकेदुखी नाही ना?" म्हणाली. मी म्हटलं, "होईल, तू बोलत राहिलीस तर." हसली नाही. भांड्यांची झाकणं काढल्याचा आवाज आला. कुणीतरी खिडकी उघडली, मानेवर गार वारा आला. मी म्हटलं, बंद करा ती, बाहेर बर्फ पडतोय.

पहिला घास. सावकाश चावला. "हा आपला नेहमीचा," मी सांगितलं.

दुसरा. "हा सतरा. मागे चिखल आहे. लिहून घे, नागुमो."

तिसरा कुठला ते आधी सांगितलेलं नव्हतं. दोनच म्हणाले होते. तो मऊ होता, दाणे सुटे. "हा कुठून आणलात? हा चांगला आहे. हा पुढे जायला हवा."

"लिहिलंस का?" मी विचारलं. पेनाचा आवाज येईना. मग मीच टॉवेल सोडला.

नागुमो टेबलाकडे बघत होती. पेन तिच्या हातातच नव्हतं. कामेयो माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. या बाईला मी तीस वर्षांत रडताना पाहिलेलं नाही, तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.

"पहिला सतरा होता," ती म्हणाली. "दुसरा नेहमीचा."

"आणि तिसरा?"

"तिसरा मी ठेवला, नागुमोला न विचारता. गोदामाच्या कोपऱ्यात राहून गेलेला, तीन वर्षांचा. मी कोंबड्यांना नेते तो. होरिगोमेसान, त्याचं झाकण काढलं तेव्हा वासाने नागुमोला खिडकी उघडावी लागली."

मी ती वाटी उचलून नाकाशी धरली. वाफ लागली, गरम. बाकी काही नाही.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"ऑक्टोबरपासून. नूडल्स."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?" कामेयो म्हणाली.

१६ जानेवारी

काल रजा घेतली. आज तालुक्याच्या इस्पितळात गेलो, फुमिए बरोबर आली. डॉक्टरने नाकात नळी घातली, जिभेवर थेंब टाकले. कडू मला थोडं कळतं, खारट त्याहून थोडं. वास शून्य. एखाद्या तापानंतर असं होतं म्हणाला. परत येईल का, तर सांगता येत नाही.

परतताना गाडीत फुमिए म्हणाली, "मला वाटलं, माझ्या हातचं आवडेनासं झालं."

एवढंच. मी वर्षभर तिच्या जेवणाला नावं ठेवत होतो आणि ती वर्षभर मीठ कमीजास्त करून बघत होती. मला रस्ता दिसेना, गाडी बाजूला घेतली.

दोन दिवस एकच विचार डोक्यात आहे. चव नव्हती, तर तो चिखल कुठून आला? मी खोटं बोललो नाही. तो मला खरंच लागला. दाणा दिसला की तो सतरा, सतरा म्हणजे डोंगरी वाण, म्हणजे साहेबांची बावीस वर्षं. मी भात चाखतच नव्हतो, आठवण चाखत होतो.

१७ जानेवारी

गेल्या वर्षीची वही काढली. सापडलं. ८ जानेवारी: 'ताप उतरला. तोंडाला चव नाही, येईल चार दिवसांत.' पुढे त्याबद्दल अक्षर नाही. आली की नाही हे मी बघितलंच नाही. वीस तारखेला गेल्या वर्षीची शेवटची चाखणी होती आणि मी ताटलीसमोर बसलो होतो.

त्या हिवाळ्यात सेकियाचे अकरा वाण माझ्या शेऱ्याने बाद झाले. सेकिया म्हणजे नागुमोच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो. नऊ वर्षं घालवली होती त्याने त्यांच्यावर. वसंतात राजीनामा दिला, आता सासऱ्याच्या टायरच्या दुकानात बसतो. निरोपाच्या दिवशी मला म्हणाला होता, "तुम्ही म्हणालात ना, मग नसेलच चव." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

सकाळी गोदामात जाऊन बघितलं. बाद झालेल्या वाणांचं बी आम्ही पुढच्या कापणीपर्यंत ठेवतो, मग कामेयो कोंबड्यांना नेते. सेकियाची फळी रिकामी होती. सतरा नंबरच्या पिशवीवरही बादचा लाल शिक्का पडलाय.

२० जानेवारी

मोरिवाकीला सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आहे, तेवढं पुरे."

"होरिगोमेसान, केंद्राचे चार वाण तुमच्या जिभेवर उभे आहेत. हे बाहेर गेलं तर लोक त्यांच्याकडेही बोट दाखवतील."

"ते तेव्हाच्या जिभेवर उभे आहेत. ती बरी होती."

तो खिडकीशी गेला, परत आला. वाईट माणूस नाही तो. "असं करू. शेरा बदलून 'योग्य' लिहा. पहिल्यांदा बारकाईने पाहिलं नव्हतं म्हणा. नागुमोचं काम होईल, तुमचं नाव राहील, कुणाला काही कळणार नाही."

खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलं. पेनसुद्धा हातात घेतलं. मग लक्षात आलं की मी 'योग्य' लिहिलं तर पुन्हा न चाखलेल्या भातावरच शेरा मारतोय.

"मला त्याची चव माहीतच नाही, मोरिवाकी. चांगलीही नाही आणि वाईटही नाही. माझे आकडे काढून टाका. यंदाचे सगळे आणि गेल्या वर्षी आठ जानेवारीनंतरचेही."

"गेल्या वर्षीचे काढून काय होणार? ते वाण कोंबड्यांच्या पोटात गेले."

"कागदावर तरी राहील की ते वाईट नव्हते. निदान कुणाला माहीत नव्हतं, एवढं तरी."

निघताना त्याने दार उघडून धरलं नाही. एरवी धरतो.

३१ जानेवारी

समितीसमोर उभं राहून स्वतः सांगितलं. चार वाक्यं होती, घरी पाठ केली होती, तरी तिसऱ्याला अडखळलो. कुणीतरी खोकलं. मग पंधरा जणांचे आकडे वाचले गेले. सतरा नंबर वसंतात सहा शेतकऱ्यांच्या खाचरांत जाईल. नागुमोचा करार एक वर्षाने वाढला. खालची ती एक ओळ यापुढे नाही, चाखणाऱ्यांची परीक्षा सगळ्यांना सारखी, मुख्य चाखणाऱ्यालासुद्धा.

साहेबांची पद्धत माझ्यामुळे बंद झाली. त्यांचं कामही पुढे गेलं, पण त्यात माझा हात नाही.

नागुमो कॉरिडॉरमध्ये कमरेत वाकली, वाकलेलीच राहिली. मी म्हटलं, "ऊठ, जमीन झिजेल." मग ती म्हणाली, "एप्रिलमध्ये पानं कापायला माणूस हवाय. तुमच्याइतकं नीट कुणी कापत नाही. सतराशे तुकडे आणि एकही चिठ्ठी चुकली नव्हती."

विचार करून सांगतो म्हटलं. विचार काय करायचाय.

९ फेब्रुवारी

सेकियाला पत्र लिहिलं. चारदा फाडलं, पाचवं टाकलं.

२८ फेब्रुवारी

सेकियाचं उत्तर नाही.

१६ मार्च

छपरावरचा शेवटचा बर्फ सकाळी आपोआप घसरून पडला. ओढावा लागला नाही.

नागुमोने सतरा नंबरचे दोन वाटी तांदूळ दिले होते, चाखणीतून उरलेले. "घरी करून बघा," म्हणाली, आणि म्हटल्यावर जीभ चावली. मी म्हटलं, असू दे, घरात दुसरं माणूस आहे.

भात मी केला. धुतला, भिजवला, लावला. फुमिएला बसवलं आणि वाडगा समोर ठेवला. लोणचं ठेवलं नाही.

छत्तीस वर्षं मी घरी नवे तांदूळ आणतोय, आणि कसा आहे विचारलं की ती म्हणते, "मला काय कळतंय, तुम्हीच सांगा." मग मी सांगायचो आणि ती मान हलवायची. आजही तोंड उघडून तेच म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "तू सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग एक घास घेतला आणि बराच वेळ चावला. मी समोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. दुसरा घास घेतला. तिसरा. वाडगा रिकामा झाला, कडेला चिकटलेली शितंसुद्धा तिने वेचून खाल्ली.

मग वाडगा माझ्यासमोर धरला.

"अजून वाढा," ती म्हणाली.

मी उठलो आणि वाढलं.